डावं लांब, उजवं आखूड

घाटेकाकांच्या क्वार्टरवर पाटी होती ती काकूंच्या नावाची. 'सौ. सिंधू नरहर घाटे, स्टाफ नर्स.' टाऊनशिपमधलं क्वार्टर मिळतं ते कारखान्यात नोकरी असणाऱ्याला, आणि कारखान्याच्या दवाखान्यात नोकरी होती काकूंची. काका रोज दोन बस बदलून करोंदच्या मंडीपलीकडे एका सरकारी गहू संशोधन केंद्रात जायचे. पिपलानीतली, म्हणजे आमच्या टाऊनशिपमधली, पुरुषमंडळी त्यांना चिडवायची, "घाटेजी, भाभीजी ने क्वार्टर से निकाल दिया तो कहाँ जाओगे?" काका शांतपणे म्हणायचे, "लॅब में." आणि ते खरंच गेले असते.

मी त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमधली. लग्न होऊन पुण्याहून आले तेव्हा माझा नवरा अरविंद कारखान्यात इंजिनियर होता आणि मी कृषी पदवीचा कागद ट्रंकेत ठेवून दिवसभर उशांचे अभ्रे शिवत बसलेली असायची. काकांनी ते चार-सहा महिने पाहिलं आणि एक दिवस कुंपणावरून विचारलं, "मालती, तू हे काय करून राहिली? चल माझ्यासोबत." अशी मी केंद्रात हंगामी सहायक म्हणून लागले. पुढची तीस वर्षं मी जी नोकरी केली ती त्यांनी दिलेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याबद्दल कुणाचं उगाच चांगलं मत व्हायला नको.

काका मूळचे वर्ध्याकडचे. विज्ञानाची पदवी घेतली, पुढे शिकायला घरून जमलं नाही, आणि तंत्र सहायक म्हणून या केंद्रात चिकटले ते एकाच खुर्चीत सत्तावीस वर्षं. काम ऐकायला सोपं. गव्हाचं बी ओल्या कागदावर रुजवायचं, मूळ फुटलं की त्याचं टोक कापायचं, रंगवायचं, काचपट्टीवर ठेवून अंगठ्यानं दाबून चपटं करायचं आणि मायक्रोस्कोपखाली त्यातली गुणसूत्रं पाहायची. गव्हाची गुणसूत्रं बेचाळीस. ती एकमेकांवर न चढता नीट पसरली तर मोजता येतात, नाहीतर नुसता गिचमिड गोळा दिसतो. अंगठा नेमका किती दाबायचा हे त्यांनी मला खूप शिकवलं आणि मला शेवटपर्यंत आलं नाही. मी काच तरी फोडायची किंवा गोळा तरी करायची. मग ते म्हणायचे, "राहू दे. तू पट्ट्या लिही."

पट्ट्या म्हणजे रोपांपाशी खोचायच्या लाकडी काड्या. त्यावर पेन्सिलीनं नाव लिहायचं. माझं अक्षर बरं होतं, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं.

मायक्रोस्कोपच्या बाबतीत काका नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. टेबलाजवळ चहा आणायचा नाही. भिंगाला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. मोठमोठे डॉक्टर लोक आपापल्या मायक्रोस्कोपवर पाहूनही खात्री झाली नाही तर "घाटे को दिखाओ" म्हणायचे, आणि घाटे म्हणतील तो शेवटचा शब्द असायचा. पण शोधनिबंध छापून यायचे तेव्हा नावं डॉक्टरांची, आणि शेवटी आभाराच्या ओळीत 'तांत्रिक साहाय्याबद्दल श्री. एन. घाटे'. कधीकधी तेही नाही. मला त्यांच्या वतीनं राग यायचा. त्यांना यायचा की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

आमचे प्रमुख होते डॉ. निगम. त्यांनी आयुष्य एका गोष्टीला वाहिलेलं होतं, ती गोष्ट म्हणजे गव्हातला रायचा तुकडा. राय म्हणजे आपली मोहरी नव्हे, थंड देशांत पिकणारं, गव्हाच्या नात्यातलं एक धान्य. गव्हाच्या एका गुणसूत्राचा एक हात जाऊन त्या जागी रायच्या गुणसूत्राचा हात बसलाय, अशा जाती जगात बऱ्याच ठिकाणी होत्या. असा गहू मुळं चांगली सोडतो, पाणी कमी पडलं तरी तग धरतो आणि दाणे जास्त देतो. खोट एकच, त्याची कणीक फार मळली की चिकट होते. तो चिकटपणा तुकड्याच्या टोकाशी असतो, हे माहीत झालं होतं. निगमसाहेबांचं म्हणणं असं, की टोक काढून टाकू आणि बाकीचा तुकडा ठेवू. चिकटपणा जाईल, उत्पन्न राहील.

आता गुणसूत्र काही कातरीनं कापता येत नाही. संकर करत राहायचं, हजारो बिया रुजवायच्या, आणि एखाद्या रोपात तो तुकडा आपण होऊन मोडलाय का ते पाहत बसायचं. पाहायचं कुणी, तर काकांनी. पूर्ण तुकड्याच्या टोकाला रंगवल्यावर काळा ठिपका दिसतो. ज्यात तो ठिपका नाही पण बाकीचा राय आहे, ते आपलं रोप. तीन वर्षं काका रोज सकाळपासून तो काळा ठिपका पाहत होते आणि तो रोज असायचाच.

एक्क्याण्णवच्या ऑक्टोबरात तो नव्हता.

त्या दिवशी वीज गेली होती. मायक्रोस्कोपचा दिवा बंद, म्हणून काकांनी खालचा आरसा लावला आणि उजेडासाठी टेबल फिरवून खिडकीला लावलं. एरवी मी त्यांच्या शेजारी बसायची, पण टेबल फिरल्यामुळे माझी खुर्ची बसेना. म्हणून मी पलीकडे, खिडकीच्या कट्ट्यावर, त्यांच्या समोर बसले. रोपांचा ट्रे आमच्या मध्ये. त्या वर्षी काचपट्ट्यांचा तुटवडा होता, म्हणून काका एका पट्टीवर दोन मुळं ठेवत, ट्रेच्या एका ओळीतल्या डाव्या रोपाचं डावीकडे, उजव्याचं उजवीकडे. बराच वेळ ते पट्टी इकडून तिकडे सरकवत राहिले. मग डोळा न काढता म्हणाले, "मालती, लिही. डावं लांब, उजवं आखूड."

मी लिहिलं. 'लांब' म्हणजे पूर्ण तुकड्याचं, 'आखूड' म्हणजे टोक मोडलेलं. दोन पट्ट्या, दोन रोपांपाशी खोचल्या. डावीकडे लांब, उजवीकडे आखूड. माझ्या डावीकडे, माझ्या उजवीकडे.

काका तोवर उठून निगमसाहेबांना बोलवायला पळाले होते. ते दोघं आले ते बाहेरून, माझ्या मागच्या उघड्या खिडकीशीच. काकांनी माझ्या खांद्यावरून वाकून ट्रेकडे पाहिलं. डावं लांब, उजवं आखूड. सगळं जागच्या जागी. निगमसाहेबांनी त्यांना मिठी मारली. मी पण टाळ्या वाजवल्या.

त्या दोन रोपांच्या बियांपासून पुढे सगळं झालं. घाट्यांनी एकदा पाहिलंय म्हटल्यावर मुळं पुन्हा कुणी तपासली नाहीत. बी वाढवण्यात दोन हंगाम गेले आणि मग तीन ठिकाणी पेरून चाचण्या घेतल्या. शेतात दोन्ही सख्ख्या बहिणी, बघून ओळखू येऊ नयेत इतक्या सारख्या. पण कापणीनंतर वजन केलं की 'आखूड' नेहमी पुढे, मूळ जातीपेक्षा आठव्या हिश्श्यानं जास्त. 'लांब' मात्र मूळ जातीच्याही मागे पडायची. लांब तुकड्यानं उत्पन्न वाढतं हे जगाला माहीत असताना आमच्याकडे ती मागे का, असं कुणीतरी विचारायला हवं होतं. निगमसाहेब म्हणाले, मातीमातीचा फरक असतो. मनासारखं उत्तर हातात आल्यावर प्रश्न विचारायची हौस कुणाला होती? चिकटपणाची चाचणी दुसऱ्या शहरातल्या यंत्रावर झाली. यंत्र कणीक चार मिनिटं मळतं. चार मिनिटांत काही वावगं दिसलं नाही.

पंचाण्णवच्या एप्रिलमध्ये नवीन जातीचा प्रस्ताव टाइप झाला. जात विकसित करणाऱ्यांच्या यादीत तिसरं नाव होतं 'नरहर घाटे'. आभारात नव्हे, यादीत. काकांनी त्या पानाची एक प्रत मागून घेतली आणि घरी नेली. सिंधूकाकूंनी ती देवासमोर ठेवली, वर हळदकुंकू वाहिलं, आणि मला म्हणाल्या, "पाहिलं? आता पाटीवर यांचंही नाव लावते मी. माझ्या नावाच्या खाली." काका नुसते हसले. त्यांना तसं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

चाचणीतलं उरलेलं धान्य रीतसर परवानगी घेऊन थोडं घरी आणायची काकांची पद्धत होती. टाऊनशिपच्या चक्कीवर वेगवेगळं दळून काकू पोळ्या करायच्या आणि आपलं मत द्यायच्या. काका म्हणायचे, केंद्रापेक्षा मला हिच्या हातांवर जास्त भरवसा आहे. दोन्हींच्या पोळ्या मागच्या वर्षी चांगल्या झाल्या होत्या, फरक काही जाणवला नव्हता. या वर्षी अक्षय्य तृतीयेला पुरणपोळीचा बेत ठरला, पितरांना घास द्यायचा आणि त्या यादीचाही आनंद. काका म्हणाले, "आखूडचीच कर. दुसरी काही कामाची नाही."

मी पुरण वाटायला गेले होते. काकूंकडची पुरणपोळी म्हणजे कणीक सैल भिजवायची, तास-दोन तास मुरू द्यायची, मग तेलाचा हात घेऊन तिंबत राहायचं, आपटायची, ओढायची, पुन्हा तिंबायची, तार येईपर्यंत. पातळ पोळी हवी तर एवढं करावंच लागतं. मी पुरणयंत्र फिरवत होते आणि काकूंचा तिंबायचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"मालती, इकडे ये बरं."

परातीत कणकेचा गोळा उरलाच नव्हता. काकूंची बोटं एकमेकांना चिकटली होती, मनगटापर्यंत कणीक लोंबकळत होती. त्यांनी आणखी तेल घातलं, पीठ घातलं, पण काही उपयोग होईना. पुरण भरायला घेतलं की वाटी फाटायची आणि हात वर न्यावा तर कणीक सोबत यायची. "पस्तीस वर्षांत असं नाही झालं माझ्या हातून," त्या म्हणाल्या. पाहुणे यायची वेळ झाली होती. शेवटी त्यांनी वैतागून 'लांब'चा डबा उघडला, तीच कृती घाईघाईनं केली, आणि ती कणीक लोण्यासारखी झाली. पोळ्या अशा पातळ की आतलं पुरण दिसावं.

जेवताना काकू सहज बोलून गेल्या. वाढता वाढता, सगळ्यांसमोर, हसून. "तुमच्या त्या आखूडनं आज माझी लाज घालवली असती. हाताला चिकटून राहिली नुसती! त्यापेक्षा तुमची बिनकामाची बरी."

काकांच्या हातातला घास ताटात परत गेला. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

"चक्कीवर अदलाबदल झाली असेल," ते म्हणाले. काकू म्हणाल्या की दोन्ही दळणं त्यांनी स्वतः उभं राहून आणली होती, एक सोमवारी, एक बुधवारी. काकांनी पान पूर्ण केलं, कारण ते पितरांचं जेवण होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भांडारातल्या सीलबंद पिशव्यांतून मूठमूठ बी काढलं, रुजवलं, मुळं कापली. वीज होती, दिवा होता, टेबल जागेवर होतं आणि मी त्यांच्या शेजारी. पहिली काचपट्टी त्यांनी 'आखूड'ची लावली. पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. मग बाजूला सरून मला म्हणाले, "बघ." सत्तावीस वर्षांत त्यांनी कुणाला ज्या भिंगाला हात लावू दिला नव्हता, त्यातून मी पाहिलं. तुकड्याच्या टोकाला काळा ठिपका होता, अगदी स्पष्ट. 'लांब'च्या पट्टीत तो नव्हता.

म्हणजे जास्त पिकणारी ती पूर्ण तुकड्याची, जगाला आधीच ठाऊक असलेली, चिकट. आणि आम्ही तीन वर्षं डोळे फोडून शोधलेली खरी आखूड मूळ जातीपेक्षाही कमी देणारी. उत्पन्न आणि खोट एकाच टोकाला बसलेली होती. एक काढली की दुसरं जात होतं.

"पण मी पाहिलं होतं," काका म्हणाले. "मालती, मी नीट पाहिलं होतं."

त्याच क्षणी मला ती खिडकी आठवली. कट्टा आठवला, पाठीवरचं ऊन आठवलं. ते समोर, मी इकडे, ट्रे मध्ये; त्यांचं डावं ते माझं उजवं. मला सगळं कळलं, अगदी हाताच्या हालचालीसकट. मी बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "काका, पाणी आणू का?"

निगमसाहेबांना ते लगेच जाऊन भेटले. मी दाराबाहेर होते, सगळं ऐकू येत होतं. आधी साहेब चिडले, मग समजावू लागले. "घाटे, दाना वही है, उपज वही है. रोटी भी बन जाती है. कागज़ पर छोटा लिखा है, बस. किसको पता चलेगा?" काका म्हणाले, "सर, पाच केंद्रांनी पुढच्या संकरासाठी बी मागितलंय." गडबडीत मराठीतच बोलले. मग हिंदीत पुन्हा सांगितलं, की ते लोक आखूड समजून त्यावर दहा दहा वर्षं घालवतील. साहेब म्हणाले, "तुम्हारा नाम भी है उसमें. पहली बार." मग काका म्हणाले, "इसीलिए तो."

दोन दिवसांनी त्यांनी लेखी दिलं. बाहेरून तिघांची समिती आली. प्रस्ताव मागे घेतला गेला, निगमसाहेबांची बढती अडकली, आणि सगळ्यांना एकच हवं होतं, चूक कुणाची. रजिस्टरमध्ये काकांच्या हातची नोंद होती: डावे लांब, उजवे आखूड. समितीनं विचारलं, "और टैग? टैग किसने लिखे थे? टैग कहाँ हैं?"

मी तिथेच होते, फायली घेऊन उभी. माझी नोकरी कायम होण्याचा कागद त्याच महिन्यात निगमसाहेबांच्या टेबलावर होता.

काका म्हणाले, "देखा मैंने, लिखा मैंने, टैग भी मैंने ही लगाए. सँभालकर नहीं रखे, वह भी मेरी ही गलती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मला माहीत होतं की पट्ट्या त्यांच्या खणात पाकिटात असतात. त्यांनी तिथे काडीही कधी हरवली नव्हती. पण मी स्वतःला सांगितलं, हरवल्याही असतील. घरी येऊन अरविंदला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांनी लिहून दिलंय ना? मग आता तू मध्ये पडून दोघांचंही नुकसान." मला हेच ऐकायचं होतं, म्हणून तर मी त्याला विचारलं होतं. नाहीतर पलीकडच्या क्वार्टरची बेल किती लांब होती?

मी कायम झाले. काकांना मायक्रोस्कोपवरून काढून भांडारात बसवलं, बारदानं आणि फवारणीचे पंप सांभाळायला. लॅबमध्ये आता डॉक्टर लोक स्वतःच पाहायचे आणि एकमेकांना विचारायचे. एखाद्यानं सवयीनं "घाटे को" म्हटलं, तर दुसरा म्हणायचा, "अरे वही घाटे? रहने दो." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, एकदा नाही, कितीदा तरी. तीन वर्षं उरली होती, त्यातलं दीड वर्ष काढून काकांनी राजीनामा दिला. निरोप समारंभात मी नारळ दिला.

एवढं होऊन शेजार सुटला नाही, हेच जास्त त्रासाचं. वाटी जायची, यायची. सणाला बोलावणं असायचं. फक्त घाट्यांकडे त्यानंतर सणाला श्रीखंड असे. होळीलाही श्रीखंड, अक्षय्य तृतीयेलाही श्रीखंड. नैवेद्याला पुरण घातलंच तर चमचाभर, वाटीत. मी ते पाहत होते आणि का असं कधी विचारलं नाही. काकूंना सेवानिवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं, मग ते हबीबगंज स्टेशनच्या मागे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये गेले. पाटी तीच नेली.

मागच्या वर्षी मी निवृत्त झाले. काकांना मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेले. ते खिडकीशी बसले होते, हिरवा चष्मा लावून. काकू आत चहा टाकायला गेल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, बहुतेक त्यांचे ते झाकलेले डोळे पाहून माझा धीर झाला असेल. मी म्हणाले, "काका, त्या पट्ट्या मी उलट लावल्या होत्या. तुमचं बरोबर होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तू समोर बसली होतीस."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "कधीपासून माहीत आहे?"

"तू भिंगातून पाहिलंस आणि पाणी आणू का म्हणालीस तेव्हापासून. त्याच दिवशी पट्ट्या काढून जाळल्या. अक्षर तुझं होतं. तुझी नोकरी पक्की व्हायची होती, माझं काय राहिलं होतं?" त्यांनी चष्मा सारखा केला. "आयुष्यात कामाच्या बाबतीत खोटं बोललो ते तेवढंच. मला वाटलं, तू संध्याकाळी येशील. त्यांच्यासमोर नाही, पण घरी येशील, मला सांगशील. मी वाट पाहिली, मालती. बरीच वर्षं पाहिली. मग सोडून दिली."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी रडायला लागले आणि "माफ करा" असं काहीतरी बोलले. त्यांनी हात हलवला, माशी उडवावी तसा.

"मला नको सांगू. माझं मला ठाऊक होतं, मी नीट पाहिलं होतं. हिला सांग. हिला अजून वाटतं, त्या दिवशी ती जेवताना बोलली म्हणून माझा मायक्रोस्कोप गेला. तुझं नाव काढल्याशिवाय मला तिला समजावता येत नव्हतं. बावीस वर्षं तिनं कणीक तिंबली नाही."

मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. गॅसवर चहाचं आधण होतं, तीन कप मांडलेले होते. न वळता त्यांनी विचारलं, "साखर घेतेस ना अजून?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, खिडकीपासून. मध्ये त्या वळल्या, आणि मी न थांबता पट्ट्या जाळल्यापर्यंत आले. मग आणखी सांगायला काही उरलं नाही.

काकूंनी आपले हात पाहिले, दोन्ही बाजूंनी. मग माझ्याकडे पाहिलं. त्या शेजारी म्हणून, सहायक म्हणून, पुरण वाटायला येणारी म्हणून ज्या बाईला इतकी वर्षं ओळखत होत्या तिच्याकडे त्या आता पाहत नव्हत्या.

चहा अजून उकळला नव्हता. त्यांनी गॅस बंद केला आणि मांडलेल्या तीन कपांतला एक उचलून परत फळीवर ठेवला.